चिऊताईच्या बाळाची चोरी

१

बरणीच्या तळाला वाटी खर्रकन घासली आणि घरातली सकाळची शांतता तेवढ्यानंच मोडली.

भक्तीनं बरणी खिडकीच्या उजेडात धरली. आत मिठाचा कण नव्हता. काल संध्याकाळी वांग्याच्या भाजीला मीठ घातलं तेव्हा बरणी अर्ध्याच्या वर भरलेली होती. हे तिला पक्कं आठवत होतं, कारण तिच्या लेकीनं, चंदानं, बरणीत बोट घालून चाटलं होतं आणि एक धपाटा खाल्ला होता. एवढं मीठ गेलं कुठं? पण चुलीवर वरण उकळ्या मारत होतं, विचार करायला सवड कुणाला होती. तिनं फडताळात डब्यांच्या मागं ठेवलेली नवी पुडी ओढली, दातानं फोडली, चिमूटभर मीठ वरणात सोडलं, तोच पुढच्या खोलीतून बालाजी ओरडला.

"वहिनी! ओ वहिनी, या की लवकर! आपलं बाळ चोरीला गेलं!"

भक्तीची पहिली नजर गेली ती कोपऱ्यात गोधडीत पाय पोटाशी घेऊन निजलेल्या चंदाकडं. पोर होती. मग तिच्या ध्यानात आलं, बालाजी बोलतोय ते दुसऱ्याच बाळाबद्दल.

गावातले सात-आठ बाप्ये दर वर्षी गावच्या आणि आसपासच्या जत्रांत लुगडी नेसून 'चिऊ-काऊचा संसार' करत. गोष्ट तीच, आजीच्या मांडीवर ऐकलेली. काऊचं शेणाचं घर पावसात वाहून जातं, ती चिऊच्या मेणाच्या घराचं दार ठोठावते, आणि चिऊ आपली आतून म्हणत राहते, थांब, बाळाला न्हाऊ घालते, थांब, बाळाला तीट लावते. पण यांच्या खेळात काऊ म्हणजे काळंभोर नायलॉनचं लुगडं नेसलेला मिशाळ बालाजी. तो ढोलकीच्या ठेक्यावर कंबर मोडत गायचा, "चिऊबाई, फाटक खोला, माझा पावडरचा डबा भिजायलाय!" आणि चिऊ आतून उत्तर द्यायची, "थांब गं काळे, बाळाला पुसते. थांब गं, तुझ्या भावजीला मिस कॉल मारते!" बाया पदर तोंडात कोंबून हसत, म्हातारे खोकेपर्यंत हसत. चिऊ म्हणजे भक्तीचा धाकटा दीर परमेश्वर. त्याच्या पाचवारीवरची चोळी, बालाजीचे पंख, सगळं भक्तीच्या शिलाई मशीनवर बेतलेलं. म्हणून खेळाची पत्र्याची पेटी याच घरात असायची.

पेटी उघडी होती. लुगडी घडीवर घडी, चाळ, टोप, पावडर, सगळं जागच्या जागी. फक्त बाळ नव्हतं. पांढऱ्या मांजरपाटाचं, सेलूच्या जिनिंगमधून आणलेला कापूस भरलेलं, दोन काळ्या टाक्यांच्या मिटल्या डोळ्यांचं बाळ, आणि त्याच्या डोक्यावरची लाल कुंची.

"काल तालमीनंतर मीच ठेवलं की इथं," बालाजी कपाळाला हात लावून म्हणाला. "पेटीला कुलूप न्हाई, मान्य. पण बाहुलं कोण चोरणार हो? लुगडं न्यायचं होतं, लुगडं!"

तेवढ्यात परमेश्वर मागच्या दारानं आत आला. तीस-बत्तिशीचा, उंच, वर्षभरात गालफडं बसलेला. त्यानं पेटीत बघितलं आणि नजर फिरवली.

"आन् हे काय रं?" बालाजीनं त्याचा हात धरला. दोन्ही तळव्यांना मनगटापर्यंत अळता फासलेला होता. "खेळ उद्या सांच्याला, अन् नवरी आत्तापासूनच नटायली का? तुमच्या वाड्यातली मेंढरं लाजतील की, तुझे हात बघून!"

"रंग चढतो का ते बघितलं," परमेश्वरनं हात सोडवून घेतला. "चल. मैदानावर ट्रॉल्या आल्यात. मांडव बघायचाय."

"अन् बाळ?"

"वहिनी दुसरं शिवतेल."

दोघं गेले. भक्ती पेटीचं झाकण लावायला वाकली, तर दारात सासू उभी होती. पार्वतीबाई. पोरगा गल्लीच्या वळणापलीकडं जाईपर्यंत ती मुद्दाम थांबली होती.

"बाहुलं दुसरं शिवशील गं," ती हळू आवाजात म्हणाली. "पण पहिलं कुणी नेलं ते मला मालूम हाय. ती तिकडं माजघरात बसलीय बघ."

२

माजघरात प्रियांका, परमेश्वरची बायको, ज्वारी निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"आत्याबाई, असं कसं म्हणता?" भक्ती म्हणाली.

"कसं म्हणू मग? डोळ्यांनी बघितलंय मी. आखाडाच्या महिन्यात पेटी उघडून बसली होती, बाहुलं पदराखाली घेऊन. पदराखाली! दूध पाजल्यासारखं."

प्रियांकाची बोटं थांबली, मग पुन्हा चालू झाली. खडा बाजूला, ज्वारी सुपात.

गेल्या वर्षी याच दिवसांत तिचं बाळ गेलं होतं. गेलं म्हणजे आलंच नव्हतं. नववा महिना भरलेला, दवाखान्यात नेलं, आणि मुलगी मेलेलीच जन्मली. त्या दिवशी परमेश्वर सेलूकडच्या एका गावात चिऊ होऊन स्टेजवर उभा होता. लुगड्यात फोन कुठं ठेवणार? तो पडद्यामागं खिळ्याला अडकवलेल्या पॅन्टच्या खिशात वाजत राहिला. अकरा वेळा.

"हे बघ भक्ती," पार्वतीबाईनं तिला दाराआड घेतलं. "मी काय वैरीण न्हाई तिची. पण शेजारी चांगुणाबाईची सून बाळंतीण हाय, बारा दिवसांचं लेकरू हाय तिथं. उद्या त्या लेकराला नुसतं पडसं झालं तरी लोक काय म्हणतेल? जिचं लेकरू गेलं तिनं बाहुलं चोरलं. करणी केली. एकदा तोंडात आलं का मग जन्मभर पुसत न्हाई ते. त्याच्या आत माहेरी गेलेली बरी. मी चारठाण्याला फोन केलाय. तिचा भाऊ दोनच्या यष्टीनं यायलाय."

"अन् पुन्हा आणायचं कवा?"

सासू खुंटीवरची रिकामी पिशवी काढायला वळली. भक्तीनं अशा माहेरी पोचवलेल्या दोन बाया या गावात पाहिल्या होत्या. त्यांतली एकही परत आली नव्हती.

"प्रियांका," ती आत येऊन खाली बसली. "तू नेलंस का बाळ? माझ्यापाशी बोल. मी काय म्हणत न्हाई तुला."

प्रियांकानं तिच्याकडं बघितलं. डोळे कोरडे होते, आणि त्यात भीती नव्हती. भक्तीला तेच चमत्कारिक वाटलं. आळ आलेल्या बाईच्या डोळ्यांत भीती नाही, राग नाही.

"जाऊ द्या ताई," ती म्हणाली. "माझ्यावरच राहू द्या ते."

माझ्यावरच राहू द्या! म्हणजे दुसऱ्या कुणावरून तरी आपल्याकडं ओढून घेतेय ही. भिंतीवरच्या घड्याळात सव्वानऊ झाले होते.

३

चंदा उठली होती. आता तिची न्हाणी, वेणी, दुधाची वाटी. भक्तीचं डोकं एकीकडं आणि हात एकीकडं चालत होते. लेकराच्या आईला चोर शोधायचा असला तरी आधी पोरीचं नाक पुसावं लागतं.

न्हाणीत तिनं चंदाचा जुना टब ओढला. चंदा आता त्यात मावत नव्हती, पण बसायचा हट्ट सोडत नव्हती. पाणी ओतता ओतता भक्ती थांबली. कालपर्यंत पांढऱ्या असलेल्या टबाला आतून गुलाबी कड आली होती. कुणीतरी विसळला होता, घासला होता, पण कडेची रेघ गेली नव्हती. तळाशी एक तेलकट तवंगही होता. तिनं बोट फिरवून वास घेतला. खोबरेल.

कुंचीचा रंग! ती लाल कुंची भक्तीनं ताडकळसच्या बाजारातल्या स्वस्त कापडाची शिवली होती. पहिल्याच दिवशी शिवताना घामानं तिची बोटं लाल झाली होती, आणि तो रंग दोन दिवस साबणाला दाद देत नव्हता. तिनं परमेश्वरला बजावून सांगितलं होतं, भावजी, स्टेजवर रिकामा तांब्या फिरवा, बाळाला पाणी लावू नका, कापूस आठ दिवस वाळायचा नाही. म्हणून खेळात चिऊ बाळाला कोरडीच न्हाऊ घालायची.

आज पहाटे कुणीतरी त्या बाळाला खरोखरचं न्हाऊ घातलं होतं. तेल लावून, कोमट पाण्यानं. न्हाणीचं पाणी तापवायच्या चुलवणाच्या राखेत अजून धग होती, आणि सकाळी आपण चुलवण पेटवलंच नव्हतं हे भक्तीला आता कळलं.

चोरायचं बाहुलं कुणी न्हाऊ घालतं का?

दहाच्या सुमाराला बालाजी सुतळी न्यायला परत आला. भक्तीनं त्याला ओसरीवर अडवलं.

"बालाजीभाऊ, खरं सांगा. चिऊचं काम तुमाला पायजे होतं ना?"

"पायजे होतं की!" तो मिशीवर हात फिरवून म्हणाला. "धा वर्षं झाली काव काव करून, गळा बसला. पण मी बाळ चोरून चिऊ होईन का? ह्या मिशीला कुणी चिऊ म्हणंल का, वहिनी?" मग त्यानं आवाज खाली केला. "रात्री मी बहिणीकडं ताडकळसला होतो. सकाळच्या पहिल्या जीपनं आलाव, ड्रायव्हरला विचारा. पण एक सांगतो. काल तालमीत गडबड झाली. अंगाईच्या जागी आला अन् परमेश्वर गप. ओळी आठवंनात त्याला. ज्या अंगाईला अख्खी जत्रा चिडीचूप होते, तीच. मी म्हणलं, काय रं, डोकं ठिकाणावर हाय का? तर म्हणला, बालाजी, हे बाळ डोळे कधीच उघडीत न्हाई का रं? मी म्हणलं, तुझ्या वहिनीनं टाके तसेच घातलेत. हसायला पायजे का न्हाई त्यानं? न्हाई हसला."

बालाजीचे हात भक्तीनं बघून घेतले. पंखांना लावलेल्या काळ्या रंगाचे डाग होते. लाल काही नव्हतं.

४

मेंढरांचा वाडा गावाच्या कडेला होता, बाभळीच्या काट्यांच्या कुंपणाचा. मोठी मेंढरं घेऊन भक्तीचा नवरा दर सालासारखा लांबच्या रानात गेला होता आणि तिचा सासरा बन्सीधर, पोरांचा अण्णा, मागं राहिलेल्या कोकरांना पाला टाकत होता. हा माणूस पोराचा खेळ बघायला कधी गेला नव्हता. पोरगं लुगडं नेसून नाचतं म्हणून सोयऱ्यांत मान खाली घालावी लागते, असं त्यानं चारचौघांत बोलून दाखवलं होतं. बाहुलं विहिरीत फेकायचा राग कुणात असलाच तर त्याच्यात होता.

"मामा, बाळ गेलं खेळातलं."

"ऐकलं." तो पाला टाकत राहिला. "मी न्हाई नेलं. न्यायचंच असतं तर धा वर्षांमागं नेलं असतं, पेटीसगट."

छपराखाली पोतं होतं. मेंढरांना चाटायला घालतात त्या खड्या मिठाचं. भक्तीची नजर तिथं गेली आणि तिच्या डोक्यात काहीतरी सरकलं. सकाळची बरणी. वाटीचा आवाज.

"मामा, ह्यातलं मीठ कुणी नेलं का?"

"न्हाई. गाठ माझ्याच हातची हाय." मग त्यानं मान वर केली. "कामून विचारतीस?"

"घरातलं मीठ गेलंय. बरणी रिकामी."

म्हाताऱ्याच्या हातातला पाला तसाच राहिला. कोकरं त्याच्या हातापर्यंत तोंड वर करून ओरडत होती.

"गेल्या साली मी ह्या पोत्यातून नेलं होतं," तो शेवटी म्हणाला. "अर्धं पोतं. लहान लेकराला अग्नी देत न्हाईत, पोरी. मातीत ठेवतात. अन् नुसत्या मातीत ठेवीत न्हाईत, खाली-वर मीठ घालतात. खडं मीठ लागतं, लय लागतं."

"तुमच्यासंगं कोण होतं?"

"मी अन् माझा चुलतभाऊ. तो तर आता न्हाई राहिला."

"भावजी?"

"त्याची वाट बघितली मी. घटकाभर बघितली." त्यानं पाला खाली टाकला. "दिवस कलायला लागला. लेकरू लय वेळ ठेवत न्हाईत म्हणं घरात. तो दुसऱ्या दिशी आला, तोंडाला पावडर तशीच. जागा विचारली त्यानं. मी न्हाई सांगितली. अशी जागा दाखवीत न्हाईत. माणूस जाऊन बसतं तिथं मग, घराला येत न्हाई."

भक्ती मिठाच्या पोत्याकडं बघत उभी राहिली. न्हाणी. तेल. मीठ. एका सरळ रेघेत तिन्ही गोष्टी येऊन उभ्या राहिल्या होत्या.

बाळ चोरीला गेलंच नव्हतं. बाळाला कुणीतरी पुरलं होतं.

५

घराकडं येताना ती चालत नव्हती, धावत होती. साडेबारा होऊन गेले होते. दारातच तिला कपड्यांची पिशवी दिसली, बांधून ठेवलेली. प्रियांका चुलीपुढं भाकरी थापत होती. जायच्या दिवशीसुद्धा घरच्यांच्या भाकरी करून जायच्या, हे तिला कुणी सांगावं लागलं नव्हतं.

भक्तीनं तिचे दोन्ही हात धरले. पिठानं पांढरे, बाकी स्वच्छ. नखांच्या कडासुद्धा. तिनं हात सोडले आणि ती चुलीपाशी बसून राहिली, बरणीकडं बघत.

जी रोज या बरणीतलं मीठ घ्यायची तिला फडताळातली पुडी माहीत होती. प्रियांकानंच ती डब्यांमागं लपवली होती, चंदा फोडेल म्हणून. तिला मीठ हवं असतं तर तिनं पुडी उचलली असती. बरणीचा तळ खरवडत बसली नसती. म्हणजे ज्यानं मीठ नेलं त्याला हे स्वयंपाकघर माहीत नव्हतं. बाप्या माणूस.

पण मामांनी नेलं असतं तर पोत्यातलं खडं मीठ नेलं असतं. गावातला कुठलाही बाप्या, ज्यानं एकदा तरी असं लेकरू मातीत ठेवलंय, तो वरणात घालायचं बारीक मीठ नेणार नाही. ही चूक एकच माणूस करू शकत होता. मीठ घालतात एवढं ज्यानं नुसतं ऐकलं होतं, पण घालताना जो तिथं नव्हता. ज्याला कुणी तिथं असू दिलं नव्हतं.

आणि लाल झालेले हात साबणानं निघत नाहीत तेव्हा ते झाकायचे कसे? त्याच्यावर आणखी लाल फासायचं. खेळाच्या एक दिवस आधीच.

"तुला माहीत होतं," भक्ती म्हणाली.

प्रियांकानं भाकरी तव्यावर टाकली. पाण्याचा हात फिरवला.

"पहाटे आत आले तेव्हा मी जागी होते. हात लाल, गुडघ्याला माती. भिंतीकडं तोंड करून झोपले अन् रडले, ताई. वर्षात पहिल्यांदा रडले. मला वाटायचं ह्यांना काय वाटलंच न्हाई. खेळ करतात, हसवतात, भाकरी खातात. मी एकटीच तिची आई, तिला बाप न्हाईच, असं वाटायचं." ती थोडी थांबली. "मी नाव घेतलं असतं तर गाव हसलं असतं त्यांना. बाई झाला ते झाला, आता बाहुल्यासाठी रडायलाय म्हणलं असतं. माझं काय, मला तसंही वेडीच म्हणायलेत."

"वेडीच हायेस तू," भक्ती म्हणाली. तिनं ती फोडलेली मिठाची पुडी उचलली आणि चंदाला कडेवर घेऊन मैदानाकडं निघाली.

६

दोन ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या जोडून स्टेज केलं होतं. परमेश्वर ट्रॉलीच्या कडेला पाय सोडून बसला होता. पोरं वर कापड ताणत होती, कुणीतरी माईकमध्ये हॅलो हॅलो करत होतं. भक्तीनं चंदाला खाली सोडलं आणि मिठाची पुडी त्याच्या शेजारी ठेवली.

"भावजी, ही डब्यांच्या मागं होती. तुमाला दिसली न्हाई."

त्यानं पुडीकडं बघितलं. मग आपल्या हातांकडं. मग हात मांडीखाली घातले, शाळेत मार चुकवणाऱ्या पोरासारखे.

"किती लागतं ते मला माहीत न्हवतं, वहिनी," तो म्हणाला. "होतं तेवढं सगळं घातलं."

"कुठं?"

"बांधावरच्या बोरीखाली. तिला कुठं ठेवलं ते अण्णा सांगत न्हाईत. म्हणून मीच एक जागा केली." तो हळू हळू बोलत होता, जणू एकेक शब्द जमिनीतून उपटावा लागत होता. "काल तालमीत बाळ हातात घेतलं अन् वाटलं, आज बरोबर वरीस झालं. त्या दिवशी मी हेच बाहुलं न्हाऊ घालीत होतो. लोक हसायलेत, मी कंबर हलवतोय. दीड घंटा मी स्टेजवर थांब, थांब म्हणत बसलो वहिनी, अन् माझ्या घरी माझ्यासाठी कुणी घटकाभराच्या वर थांबलं न्हाई. मी तिला हातात घेतली न्हाई. काळी का गोरी, जावळ होतं का, कायच माहीत न्हाई मला. मग ठरवलं, एकदा तरी खरं न्हाऊ घालावं. बापानं करायचं ते सगळं करावं. केलं." त्यानं अळत्याचा हात तोंडावरून फिरवला. "घरी कसं सांगू? बाहुलं पुरलं म्हणून सांगू?"

"सांगावं लागंल. आत्ता. आत्याबाईंनी आळ प्रियांकावर घेतलाय. तिचा भाऊ दोनच्या यष्टीनं यायलाय तिला न्यायला."

परमेश्वर उभा राहिला. "तिच्यावर? अन् ती काय म्हणली?"

"माझ्यावरच राहू द्या म्हणली. तिला पहाटेपासून माहीत हाय."

तो ट्रॉलीवरून उडी मारून धावत सुटला. भक्तीनं चंदाला उचललं. मागून बालाजी ओरडला, "आरं, कुठं पळायलास? पडदा कोण बांधणार?" भक्तीनं त्याला दोन वाक्यांत सांगितलं. त्याच्या हातातली सुतळी तशीच राहिली. "जा तुमी," तो म्हणाला. "उद्या अंगाई व्हायची न्हाई. मी बघतो काय करायचं ते. लोकांना माझ्या मिशीवर हसवीन."

भक्ती घरी पोचली तेव्हा प्रियांकाचा भाऊ ओसरीवर पाण्याचा तांब्या हातात धरून अवघडून बसला होता. पिशवी त्याच्या पायाशी होती. बन्सीधरही येऊन बसला होता. आणि परमेश्वर मधोमध उभा होता, दोन्ही तळवे सगळ्यांपुढं उघडे धरून.

"मी नेलं," तो म्हणत होता. "बाळ मी नेलं. न्हाऊ घातलं, मीठ घातलं, पुरलं. हिचा काय संबंध न्हाई. न्यायचं तर मला न्या कुठं न्यायचं ते."

पार्वतीबाईनं तोंडाला पदर लावला. "आरं लेकरा, ते बाहुलं होतं रं."

"मग दुसरं काय होतं माझ्याकडं, माय?"

प्रियांका दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. परमेश्वर तिच्याकडं वळला, पण तिच्याकडं बघण्याची त्याची हिंमत होईना. तो तिच्या पायांकडं बघत म्हणाला, "मला ती कशी होती ते तरी सांग. वरीस झालं, तुला विचारायची भीती वाटते."

"जावळ लय होतं," प्रियांका म्हणाली. "काळंभोर. नाक तुमचं होतं."

तेवढं ऐकून तो खाली बसला. मोठा, उंच माणूस, ओसरीच्या पायरीवर घडी होऊन बसला. प्रियांका पुढं आली, त्याच्या शेजारी टेकली, आणि दोघं वर्षभरात पहिल्यांदा एकाच गोष्टीसाठी, एकाच वेळी रडली. भावानं तांब्या खाली ठेवला आणि पिशवी हळूच पायानं सरकवून आत केली.

बन्सीधर उठला. त्यानं कोपऱ्यातली काठी घेतली. पोराच्या जवळ जाऊन तो काही क्षण नुसता उभा राहिला. त्याला पोराच्या खांद्यावर हात ठेवायचा होता, पण ती सवय त्या हाताला नव्हती. शेवटी त्यानं काठीचं टोक जमिनीवर टेकवलं.

"चल," तो म्हणाला. "जागा दाखवतो. माझी गल्लत झाली. घटकाभर आणखी थांबलो असतो तर काय बिघडलं असतं." तो पायरी उतरला, मग मागं वळला. "तू पण चल, प्रियांका."

"अवं, बायामाणसं जात न्हाईत तिथं," पार्वतीबाई पुटपुटली.

"आज जाऊ दे."

पुढं काठी टेकत म्हातारा, त्याच्या मागं परमेश्वर, त्याच्या मागं डोक्यावरचा पदर सावरत प्रियांका, अशी तिघं कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीतून जाऊ लागली. उन्हं कलायला लागली होती. मैदानावरून माईकचा आवाज आला, कुणीतरी कावळ्यासारखं ओरडून बघितलं, आणि मग तेही थांबलं. थोडं पुढं गेल्यावर परमेश्वर थांबला. प्रियांका त्याच्या बरोबरीला येईपर्यंत तो तसाच उभा राहिला, मग दोघं बरोबर चालू लागली.

भक्ती दारात उभी राहून त्यांना बघत होती. कडेवरची चंदाही बघत होती. आता तिनं भक्तीची हनुवटी धरून तोंड आपल्याकडं वळवलं.

"आई, काकाच्या बाळाचं नाव काय होतं?"